न घडलेल्या जगाचा साक्षीदार

मंडळी, न्यायदर्शनात आप्त कोणाला म्हणतात? ज्याला वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, त्याला. एस.टी.चा अपघात बघणारा आप्त होऊ शकतो. आता कोर्टातला अर्थतज्ज्ञ घ्या. सॉफ्टवेअर कंपनीवर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, की मक्तेदारीमुळं आम्ही जादा पैसे मोजले. किती जादा? त्यासाठी मक्तेदारी नसती तर किंमत काय असती, हे सांगावं लागतं. ते जग घडलेलंच नाही, मग पाहिलं कुणी? पिंजऱ्यात उभा असलेला हा माणूस साक्षीदार नव्हेच, तो तर्क करतोय. आणि नैयायिक तर्काला प्रमाण मानत नाहीत, प्रमाणाचा मदतनीस मानतात.

आपल्या भुदरगडात हे काही नवं नाही. पीक बुडालं की किती बुडालं, हे ठरवायला आपण मागच्या सालचा उतारा बघतो, नाहीतर शेजारचं रान बघतो. अर्थतज्ज्ञही तेच करतो: आधीची किंमत, नंतरची किंमत, किंवा तुलनेला दुसरा बाजार. पण विंडोजला शेजारचं रान कुठलं? तुलनेला कोण घेतलं, इथंच आकडा निम्मा ठरून जातो. पुढचं गणित कितीही काटेकोर असो.

१९९८ साली वॉशिंग्टनमध्ये मायक्रोसॉफ्टवरची सुनावणी सुरू झाली. तो दावा ग्राहकांचा नव्हता, सरकारचा होता. पण वाद हाच. सरकारकडून फ्रँकलिन फिशर, कंपनीकडून रिचर्ड श्मालेन्सी. आणि श्मालेन्सी हे एमआयटीत फिशर यांचेच पीएच.डी.चे विद्यार्थी! शिष्याचा एक युक्तिवाद असा: कंपनी खरोखर मक्तेदार असती तर तिनं विंडोजची किंमत कितीतरी पट लावली असती, लावली नाही, अर्थात ती मक्तेदार नाही. अनुमानाचा साचा ठीक आहे. पण मक्तेदार सगळा नफा आजच काढेल, हे कुणी सांगितलं? आज कमी घेऊन उद्याचं कुरण राखणारा मक्तेदार असू शकतो की! न्यायमूर्ती जॅक्सन यांनी १९९९ मध्ये मक्तेदारी असल्याचाच निष्कर्ष काढला.

गुरूचंही सांगतो. आयबीएमवरच्या सरकारी खटल्यात हेच फिशर कंपनीच्या बाजूनं उभे होते. त्यावरून लोक म्हणतात, पैसे घेतले की झालं. मला ही टीका आळशी वाटते. माणूस कशाला तपासता, गृहीतक तपासा.

पुढं ग्राहकांचे दावे राज्याराज्यांत चालले. कॅलिफोर्नियात २००३ साली ११० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. आयोवात २००६ अखेर ज्यूरीपुढं सुनावणी सुरू झाली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तिथंही तडजोड. ग्राहकाला काहीतरी मिळालं, हे चांगलंच. पण तडजोड झाली की तज्ज्ञाच्या आकड्याची परीक्षा राहूनच जाते.

आता आपल्याकडं या. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, काही आदेश रद्द केले आणि स्पर्धेवर झालेला परिणाम दाखवायलाच हवा, असंही म्हटलं. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंड जातो सरकारी तिजोरीत. भरपाई मागायची वाट स्पर्धा कायद्याच्या कलम ५३ एनमध्ये आहे, अनेकांनी मिळून मागायचीसुद्धा.

पण गारगोटीच्या बाजारात फोन घेणाऱ्याच्या बिलावर अँड्रॉइडची किंमत नसते. किमतीवरच बेतलेलं गणित म्हणेल, नुकसान शून्य! न आलेलं दुसरं ॲप, न मिळालेली निवड, देऊन बसलेली माहिती, हे त्या गणितात कुठं बसतं? उद्या असा दावा उभा राहिला तर तज्ज्ञाला आकडा नंतर विचारावा. आधी विचारावं, साहेब, तुम्ही नुकसान कशाला धरलंत, आणि काय सोडून दिलंत?