कोणत्या दारातून पाहिलेलं गाव

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जायचं आणि भामरागड जगापासून तुटायचं. डाक बंद, एस.टी. बंद. अशाच एका पुरात, नववीत असताना, मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचली. वडील शाळामास्तर. त्यामुळे धनगरांच्या वाडीत आलेला तो पोरसवदा मास्तर मला आमच्या घरातलाच वाटला.

पुस्तक मी माझ्या माडिया मित्राला दिलं. त्यानं वाचून परत केलं अन् म्हणाला, “गुर्जीले पोरं दिसतेत. पोरायले गुर्जी कसा दिसते, ते कुठं लिवलं हाय?”

तेव्हा राग आला. पण कादंबरीकाराच्या बालपणाबद्दल याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. लहानपण लेखकाला प्रसंग पुरवतं, असं आपण म्हणतो. प्रसंग तर मोठेपणीही गोळा करता येतात. लहानपण ठरवतं ते वेगळंच : गाव तुम्ही कोणत्या दारात उभं राहून पाहिलं.

माडगूळकर माणदेशातले; कोवळ्या वयात त्यांनी स्वतः मास्तरकी केलेली. 1955 सालची ‘बनगरवाडी’ म्हणूनच शाळेच्या दारातून दिसते. मास्तर वाडीला जीव लावतो. दुष्काळात वाडी ओस पडते, तोही निघतो. पांगलेल्या माणसांचं पुढं काय झालं, ते त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 सालची. तिथं आपण एकदम कौतिकच्या घरात असतो. तिची वऱ्हाडी बोली वही घेऊन टिपलेली वाटत नाही, कानातून अंगात मुरलेली वाटते. गरिबी म्हणजे काय, हे लेखक समजावत बसत नाही.

आमच्या मुलखावर ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ लिहिली ती विलास मनोहरांनी. ते पुण्याहून हेमलकशाला आले, मोठेपणी. हे जग त्यांनी विचारून, राहून मिळवलं. इथल्या माणसाला जो अन्याय रोजचाच झाला होता, त्यानं ते हादरले. ते हादरणं हीच त्या कादंबरीची ताकद. पण तेही बाहेरून आत आलेल्या माणसाचं.

मग मीही भामरागडावर कादंबरी लिहायला बसलो. ऐंशी पानं झाली. पूर उतरला, शाळा उतरली. माडिया घराच्या दारापाशी आलो की पेन अडायचा. मित्राच्या घरी मी कितीदा जेवलो असेन. पण त्याची आई त्याला रागवायची ती माडियात, आणि मला त्यातलं अर्धंच कळायचं. कादंबरी त्या उरलेल्या अर्ध्यात होती.

ती पानं मी बांधून ठेवली आहेत. मित्राची मुलगी आता कॉलेजात आहे. आईचं रागावणं तिनं माडियात ऐकलंय, परीक्षा मराठीत दिल्यात. परवा तिनं विचारलं, “काका, कादंबरी कुठून सुरू करतात?”

मी म्हटलं, “तुझ्या आजीच्या रागावण्यापासून कर. मराठीत नाही आलं, तर माडियातच लिही.”