कचाची विद्या कोणाला फळली?



आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठणे जमत नाही, असे आम्ही कोल्हापूरकर नंदवाळची वाट धरतो. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होते आणि पुढे नंदवाळच्या विठुरायापुढे माथा टेकायचा. गेल्या आषाढीला या वाटेवर माझा भाचा माझ्याबरोबर होता. तो आपणहून आला नव्हता. त्याच्या आईने धाडला होता. गळ्यात टाळ अडकवला होता, पण हात चालत नव्हता.

हा मुलगा फौजदार व्हायचा होता. पाच-सहा वर्षे पुस्तकांत डोके घालून बसला. एकदा थोड्या गुणांनी हुकले, एकदा मैदानी चाचणीत राहिले, आणि आता त्याच्या वयाची मर्यादाच ओलांडली. दार बंद झाले, ते कायमचे. रिंगण संपल्यावर माळावर बसून राजगिऱ्याचा लाडू खाताना तो म्हणाला, “मामा, ध्येय लिहून भिंतीवर लाव, रोज सकाळी बघ, असं तुम्हीच सांगितलं होतं. तो कागद अजून तिथंच हाय. आता त्याच्याकडं बघून मी काय करू?”

माउली, मी जन्मभर मास्तरकी केली. असे कागद किती मुलांना लावायला सांगितले, त्याची मोजदाद नाही. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी जुने कपाट उघडले आणि वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ पुन्हा वाचायला घेतली. ध्येय हा शब्द आमच्या पिढीच्या तोंडी ज्यांनी घातला, त्यांनाच विचारावे म्हटले.

भाऊसाहेब खांडेकर आपल्या कोल्हापूरचे. जन्म 1898 चा, सांगलीचा. 1920 पासून 1938 पर्यंत त्यांनी शिरोड्याच्या शाळेत मुले शिकवली आणि मग ते कोल्हापुरात आले ते कायमचे. ‘ययाति’ 1959 साली प्रसिद्ध झाली. 1974 सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, आणि मराठीला मिळालेले ते पहिलेच ज्ञानपीठ. ध्येयवादी लेखक म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. वारकऱ्याने कादंबरी कशाला वाचावी, असे कोणी म्हणेल. पण ज्या पुस्तकाने घराघरात ‘माणसाने काय मिळवावे’ हा प्रश्न नेला, ते आपल्या फडावर आणून पारखायला काय हरकत आहे?

कथा आपल्याला महाभारतातून ठाऊक आहे. राजा ययाति शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा होतो आणि आपल्या मुलांपाशी तारुण्य मागतो. इतर मुले नाही म्हणतात. धाकटा पुरू देतो. भाऊसाहेबांनी या कथेत पुष्कळ फेरफार केले, आणि त्यांची नजर पहिल्यापासून एका गोष्टीवर ठेवली: यातल्या प्रत्येकाला काहीतरी हवे आहे. ते काय, आणि ते मिळाल्यावर माणसाचे काय होते?

ययातीचा बाप नहुष मोठा पराक्रमी. पण मरणाच्या दारात त्याची जगण्याची तडफड पोरगा पाहतो आणि हादरतो. इंद्राला जिंकणाऱ्या बापाला मरण जिंकता आले नाही, मग पराक्रमाचा उपयोग काय? त्या भीतीतून तो सुखामागे लागतो. भाऊसाहेबांनी ययातीची लालसा नुसती पाप म्हणून रंगवली नाही, तिच्या मुळाशी असलेले भय दाखवले. ही या पुस्तकाची मोठी जमेची बाजू. आपणही कधी कधी ध्येयामागे धावतो ते ओढीने नव्हे, भीतीने. चार लोकांत मागे पडू, नातेवाईक हसतील, वय निघून जाईल. भीतीने धावणाऱ्याला मुक्काम दिसत नाही, कारण तो पुढे पाहतच नसतो.

ययातीचा थोरला भाऊ यति. तो अगदी उलट टोकाचा. त्याने देहालाच वैरी मानले. घर सोडले, रानात कडक तप मांडले. ध्येय किती उंच! पण भाऊसाहेब दाखवतात की त्याच्या तपात प्रेमाचा थेंब नाही. एक भाऊ देहाचे लाड करतो, दुसरा देहाला झोडपतो. दोघांच्याही मनात अष्टौप्रहर देहच. आपल्या संतांनी प्रपंच करीत परमार्थ सांगितला, त्याचे मर्म या दोन भावांना शेजारी उभे केले की चटकन ध्यानात येते.

आणि देवयानी. माझ्या मते या पुस्तकात ध्येयाची खरी परीक्षा होते ती तिच्या ठायी. ययातीचे हवे-नको रोज बदलते. देवयानीचे तसे नाही. तिला हस्तिनापूरची महाराणी व्हायचे होते, झाली. राजकन्या शर्मिष्ठेला दासी करायचे होते, केले. भिंतीवर कागद लावला असता तर एकेका ओळीवर ‘झाले’ अशी खूण करता आली असती. आणि तरी त्या राजवाड्यात तिच्याइतके रिकामे कोणी नाही. माझा भाचा न मिळाल्याने दुःखी, देवयानी सगळे मिळून दुःखी. तेव्हा मिळणे-न मिळणे ही ध्येयाची कसोटीच नव्हे, एवढे तर या एका पात्रावरून कळते.

मग कसोटी कोणती? त्यासाठी कचाकडे यावे लागते.

कचाची मूळ कथा आठवा. देवांनी त्याला शुक्राचार्यांकडे धाडले ते संजीवनी विद्या आणायला. दैत्यांनी त्याला पुनःपुन्हा मारले. शेवटी जाळून त्याची राख मद्यातून गुरूलाच पाजली. गुरूच्या पोटात बसून तो ती विद्या शिकला, पोट फाडून बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने गुरूला उठवले. इतकी किंमत मोजून ध्येय साधले. निघताना देवयानीने लग्नाचे विचारले. ज्या पोटी तुझा जन्म त्याच पोटातून मीही आलो, म्हणजे तू माझी बहीण, असे म्हणून त्याने नाकारले. तिने शाप दिला: ही विद्या तुला फळणार नाही. कच काय म्हणाला? मला न फळो. मी जिला-ज्याला शिकवीन, त्याला तर फळेल. आणि तो चालू लागला.

माउली, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. जन्मभराच्या कष्टाचे फळ हातात आले आणि त्याच क्षणी ते आपल्या उपयोगाचे राहिले नाही. दुसरा कोणी असता तर मोडून पडला असता. कच मोडला नाही, कारण ती विद्या त्याने स्वतःसाठी मागितलीच नव्हती. ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट शापानंतरही उघडीच होती.

महाभारतात कच यानंतर देवलोकी परततो आणि ययातीच्या कथेत पुन्हा दिसत नाही. भाऊसाहेबांनी त्याला परत आणले, सर्वांचा सुहृद केले. हा त्यांचा मोठा निर्णय. आणखी एक गोष्ट पाहा. कादंबरीत आपली कथा स्वतः सांगतात ते तिघे: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. कचाला आणि पुरूला असे स्वतःचे निवेदन नाही. ज्यांनी दुसऱ्यासाठी सर्वांत जास्त दिले ते आपल्याला दिसतात इतरांच्या डोळ्यांतून. मला ही रचना फार अर्थपूर्ण वाटते. घरात ज्याने सगळ्यांसाठी खस्ता खाल्ल्या त्याची गोष्ट त्याच्या तोंडून कुठे ऐकायला मिळते? ती दुसरेच सांगतात.

एवढे कौतुक केल्यावर उणेही सांगितले पाहिजे. भाऊसाहेबांचा कच बोलतो फार. संयम, त्याग, प्रेम यांवर तो असे काही सांगतो की ऐकताना मान डोलते, पण उद्या सकाळी उठून काय करायचे ते कळत नाही. ययातीची उपरतीही तशीच. महाभारतातला राजा मुलाचे तारुण्य हजार वर्षे भोगून मग शहाणा होतो. कादंबरीतला राजा तारुण्य हाती आल्यावर थोडक्याच काळात पालटतो. एका धक्क्याने माणूस बदलतो, असा भाऊसाहेबांचा भरवसा. माझा अनुभव निराळा आहे. धक्क्याने माणूस रडतो. बदलतो तो रोजच्या सवयीने आणि चार जणांच्या संगतीने. हस्तिनापुरात सर्व आहे. फक्त दिंडी नाही. प्रत्येक जण आपापल्या मनाशी एकटा झुंजतो. संयम हा त्या पुस्तकात एकट्या माणसाच्या मनगटाचा पराक्रम आहे.

आपल्याकडे त्याला नेम म्हणतात, आणि नेम एकट्याने चालत नाही. गळ्यात तुळशीची माळ, पंधरा दिवसांची एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षाची वारी. यातले एकही काम असे नाही की एकदा केले आणि संपले. वारीला निघालेल्याचे ध्येय पंढरपूर, हे खरे. पण तो तिथे पोहोचतो, कळसाला हात जोडतो, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेतो आणि घरी परततो; पुढल्या वर्षी पुन्हा निघतो. पोहोचणे हाच शेवट असता तर एका वारीत भागले असते. कित्येकांना गाभाऱ्यात जायलाही मिळत नाही, म्हणून कोणाची वारी फुकट गेली असे आपण म्हणतो का? चालताना ज्याचे पाय दाबले, ज्याला पाण्याचा तांब्या दिला, ज्याच्या सुरात सूर मिसळला, त्यांच्याकडे ती वारी जमा होते.

महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. देवाच्या एवढ्या लाडक्या भक्ताने जागा मागितली ती कुठली? येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय लागतील ती. वर चढण्याची आस सगळ्यांनाच असते. चढणाऱ्यांच्या पायाखाली राहण्याची आस नामदेवरायांची.

आणि हे केवळ पुराणातले किंवा शतकांपूर्वीचे नव्हे. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे, एवढेच मागणे. 1 तारखेला बसले, 10 तारखेला उपोषण सुटले, दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. गुरुजींना स्वतःला त्या मंदिरात जायला कोणाची बंदी होती? ज्या दाराची बंदी त्यांना नव्हतीच, त्या दारासाठी त्यांनी प्राण पणाला लावले. कचाच्या वाटेने चालणारा माणूस असा दिसतो.

इथे एक सावधगिरी. ‘फळ आपल्या हाती नाही’ असे म्हणून हातपाय गाळून बसणारे आपल्यातही आहेत, आणि पोराला अभ्यासावरून उठवून ‘विठ्ठल बघून घेईल’ म्हणणारेही आहेत. ते संतांच्या माथी मारू नये. कच मन लावून शिकला म्हणूनच शिकवू शकला. ध्येय जरूर ठेवावे, त्यासाठी घाम गाळावा. पण कागद लावताना ‘मी कोण होणार’ याच्या खाली आणखी एक ओळ लिहावी: हे कोणाच्या कामी येणार? पहिल्या ओळीला वयाची मर्यादा असते, गुणांची यादी असते, शाप असतो. दुसऱ्या ओळीला नसते. पहिली खोडली गेली तरी दुसरी कागदावर राहते.

मी मुलांना नेहमी पहिलीच ओळ लिहायला लावली. ती माझी चूक. भाच्यापाशी मी ती कबूल केली. तो काही बोलला नाही. ‘ययाति’ मात्र घेऊन गेला.

माउली, त्याचे सगळे ठीक झाले असे मी सांगणार नाही. नोकरीची काळजी आहे, आईचा जीव खालीवर होतो, रात्री त्याला झोप लागत नाही. पण एवढ्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा गल्लीतली पाच-सहा पोरे त्याच्यापुढे वह्या घेऊन बसली होती. भरतीची तयारी करणारी. पैसे घेतोस का, विचारले. म्हणाला, “कसले पैसे मामा, त्यांच्याकडं कुठले? माझं एवढं पाठ झालेलं वाया कशाला घालवू?”

भिंतीवरचा कागद तसाच होता. मी त्याविषयी काही विचारले नाही. पोरांच्या गणितात व्यत्यय नको म्हणून दारातच चपला घातल्या आणि निघालो. येत्या आषाढीला नंदवाळला येतोस का, एवढे जिन्यातून विचारले. “बघू,” म्हणाला. मागल्या वेळी तेवढेही म्हणाला नव्हता.

रामकृष्णहरी!