मर्यादित सरकार आणि अमर्याद मालक

१९६० साली अमेरिकेत एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे त्याचे नाव. पुराणमतवाद्याची सदसद्विवेकबुद्धी, असा त्याचा अर्थ. मुखपृष्ठावर नाव अॅरिझोना राज्याचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांचे; प्रत्यक्ष लेखन मात्र ब्रेंट बोझेल या त्यांच्या सहकाऱ्याचे. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. सरकारने कमीत कमी कारभार करावा, बाकीचे माणसांवर आणि बाजारावर सोडावे, असे म्हणणाऱ्या अमेरिकन राजकारणाची ती पोथीच झाली. १९६४ साली गोल्डवॉटर रिपब्लिकन पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे राहिले आणि सपशेल आपटले. त्यांचे पुस्तक मात्र आपटले नाही.

या पुस्तकाची चर्चा दलित नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावसुद्धा तिकडूनच घेतले. आपण त्यांचे विद्रोही साहित्य वाचले, त्यांचा संताप आपला मानला. पण तो संताप ज्या युक्तिवादाशी झगडत होता, तो युक्तिवाद आपण फारसा वाचला नाही. विरोधकाचा ग्रंथ नीट वाचणे हेही चळवळीचेच काम आहे. शिवाय ‘सरकार कमी करा’ ही भाषा आता आपल्याकडे सर्रास ऐकू येते, आणि आपल्या शिकलेल्या तरुणांनाही तिची भुरळ पडू लागली आहे.

प्रथम पुस्तकाला न्याय देऊ. त्याची मांडणी स्वच्छ आहे, वाक्ये छोटी आहेत, आडपडदा नाही. राज्यघटना ही सरकारला अधिकार देण्यासाठी नव्हे, तर सरकारला आवर घालण्यासाठी असते, हे त्याचे मुख्य सूत्र. सरकारच्या हाती गेलेली प्रत्येक सत्ता कोणाच्या तरी स्वातंत्र्यातून कापून घेतलेली असते. म्हणून केंद्राने शेतीतून, शाळांतून आणि कल्याणकारी योजनांतून अंग काढून घ्यावे. चढत्या दराचा प्राप्तिकर रद्द करावा. माणूस हा केवळ पोट नाही, त्याला आत्मा आहे, असेही पुस्तक बजावते.

हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पोलिसांची लाठी आणि कोठडी ज्याने अनुभवली आहे, त्याला सरकारला आवर घाला असे सांगणारा माणूस शत्रू वाटण्याचे कारण नाही. आपल्या घटनेतील मूलभूत हक्कांचे प्रकरण म्हणजे राज्यसंस्थेभोवती घातलेले कुंपणच आहे. तेव्हा माझा आक्षेप मर्यादेच्या कल्पनेला नाही. ती मर्यादा कोणासाठी आखली जाते आणि कोणासाठी पुसली जाते, याविषयी आहे.

पुस्तकाची खरी कसोटी तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांत लागते. तिसरे घटकराज्यांच्या अधिकारांवर आहे, चौथे नागरी हक्कांवर. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. लेखक म्हणतो की, काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकत्र शिकणे मला स्वतःला न्याय्य आणि शहाणपणाचे वाटते. पण माझे हे मत मिसिसिपीच्या किंवा साउथ कॅरोलिनाच्या जनतेवर लादण्याची माझी तयारी नाही. तो प्रश्न त्या राज्यांतील लोकांनी सोडवावा.

इथे समीक्षकाने थांबून विचारले पाहिजे : मिसिसिपीची जनता म्हणजे कोण? १९६० साली त्या राज्यात शंभरातले सुमारे बेचाळीस लोक कृष्णवर्णीय होते. मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी मतदारयादीत ज्यांचे नाव होते, त्यांचे प्रमाण १९६४ पर्यंत शंभरात सातदेखील नव्हते. म्हणजे ‘जनता’ हा शब्द लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर गोरी जनताच होती. आपल्याला ही भाषा परकी नाही. ‘गावाची इच्छा नाही’ असे जेव्हा सांगितले जाई, तेव्हा त्या गावात महारवाडा आणि मांगवाडा कधी मोजला जात होता?

मतदानाचा हक्क घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने दिलेला असल्यामुळे केंद्राने त्याचे रक्षण करावे, एवढे पुस्तक मान्य करते. पण मत देणारा माणूस कोणाच्या तरी जमिनीवर राहतो, कोणाच्या तरी दुकानातून मीठमिरची आणतो, याचा त्याला विसर पडतो. त्याच १९६० साली टेनेसी राज्यातील फेएट परगण्यात बटाईने जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीयांनी मतदारयादीत नावे नोंदवली. जमीनदारांनी त्यांना घराबाहेर काढले. दुकानदारांनी नावांच्या याद्या करून त्यांना माल देणे बंद केले. ही कुटुंबे ऐन हिवाळ्यात तंबूंत राहिली. यात सरकारने कोणाचे स्वातंत्र्य हिरावले? कोणाचेच नाही. मालकाने आपली जमीन परत घेतली, दुकानदाराने आपला माल विकला नाही. प्रत्येकाने आपापला खासगी हक्क वापरला, आणि त्या हक्कांच्या बेरजेतून बहिष्कार उभा राहिला. शेवटी केंद्र सरकार १९५७ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात गेले, तेव्हा कुठे या मालकांना लगाम बसला.

दुसरी गोष्ट इतिहासाची. घटकराज्यांचे अधिकार हे जर खरोखर तत्त्व असते, तर ते सर्वांना सारखे लागू पडले असते. पण १८५० साली पळून गेलेल्या गुलामांना पकडून आणण्याचा केंद्रीय कायदा झाला, तो दक्षिणेच्या गुलाममालकांना हवा होता म्हणून. विस्कॉन्सिनसारखी उत्तरेची राज्ये त्या कायद्याला आडवी गेली, तेव्हा राज्यांच्या अधिकाराची बाजू उत्तर घेत होती आणि केंद्राच्या बळाची मागणी दक्षिण करत होती. पुढे बसमध्ये कोणी कुठे बसावे, कोणत्या नळावर पाणी प्यावे, कोणी कोणाशी लग्न करावे, हे सारे दक्षिणेच्या राज्यांनी कायद्याने ठरवून दिले. हे काही मर्यादित सरकार नव्हते. माणसाच्या तोंडातल्या घासापर्यंत आणि अंथरुणापर्यंत पोचलेले सरकार होते. या घुसखोरीवर जेवढे तुटून पडायला हवे होते, तेवढे हे पुस्तक शेतकऱ्याला मिळणाऱ्या अनुदानावर तुटून पडते.

गोल्डवॉटर वैयक्तिक जीवनात द्वेष्टे नव्हते. अॅरिझोनाच्या हवाई राखीव दलातील वर्णभेद त्यांनी मोडला. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी मत दिले. पण १९६४ चा मोठा कायदा सिनेटपुढे आला, ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला, तेव्हा ते सत्तावीस जणांत होते. त्यांची हरकत मुख्यतः दोन भागांना होती : हॉटेल-खानावळींचे दरवाजे सर्वांना उघडे करणारा भाग, आणि खासगी नोकरीतील भेदभाव बंद करणारा भाग. निवडणुकीत त्यांना स्वतःचे अॅरिझोना आणि दक्षिणेतील पाच राज्ये एवढीच मिळाली. मिसिसिपीत मात्र त्यांना शंभरात ८७ मते पडली. सज्जन माणसाच्या तत्त्वाचा अर्थ मिसिसिपीच्या गोऱ्या मतदाराला बरोबर कळला होता.

कायदा होताच अटलांटा शहरातील २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक न्यायालयात गेला. काळ्या प्रवाशांना खोली द्यायला लावणे म्हणजे मला वेठीला धरणे आहे, असा दावा करताना त्याने गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचाच आधार घेतला! गुलामांच्या मुक्तीसाठी लिहिलेले कलम मालकाच्या बचावासाठी वापरण्याची ही करामत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४ मध्ये एकमताने हा दावा फेटाळला.

यावर अर्थशास्त्री मिल्टन फ्रीडमन यांचे उत्तर तयार होते. गोल्डवॉटर यांचे हे सल्लागार. १९६२ च्या ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ या ग्रंथात ते म्हणतात की, बाजार रंग पाहत नाही. भेदभाव करणारा धंदेवाला स्वतःचेच नुकसान करतो, म्हणून कायद्याची सक्ती नको. आपल्या तरुणांना मोहात पाडणारा युक्तिवाद हाच आहे : पैसा जात विचारत नाही. पण ग्रीन्सबरोचे उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. इतर वस्तूंचे पैसे दुकानाने त्यांच्याकडून खुशाल घेतले; खाण्याच्या टेबलाशी बसल्यावर मात्र त्यांना कॉफी नाकारली. वर्षानुवर्षे बाजार हे दोन्ही एकाच छपराखाली करत होता. ते टेबल जुलैमध्ये खुले झाले, धंद्याला फटका बसला म्हणूनच झाले, हे खरे. पण तो फटका बाजाराने आपण होऊन दिला नव्हता. हजारो विद्यार्थ्यांनी अपमान आणि अटक सोसून दिला होता. तरीही देशभरची टेबले खुली व्हायला १९६४ चा कायदाच लागला.

पुस्तकाचे शेवटचे आणि सर्वांत लांबलचक प्रकरण सोव्हिएत संकटावर आहे. तिथे लेखकाचा सूर अचानक बदलतो. लष्कर बलाढ्य हवे, शस्त्रास्त्रे हवीत, सरकार खंबीर हवे. पाण्याचेही तेच. अॅरिझोनाचे वाळवंट केंद्राच्या पैशाने बांधलेल्या धरणांवर फुलले, आणि कोलोरॅडो नदीचे पाणी त्या राज्यात नेणाऱ्या, १९६८ साली मंजूर झालेल्या केंद्रीय योजनेचे गोल्डवॉटर खंदे पुरस्कर्ते होते. सरकारने मर्यादित व्हावे, पण आपल्या पाटात पाणी सोडून!

हा वारसा पुढे रोनाल्ड रेगन यांनी चालवला. ऑगस्ट १९८० मध्ये मिसिसिपीतील नेशोबा परगण्याच्या जत्रेत ते राज्यांच्या अधिकारांविषयी बोलले. तिथून जवळच जून १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले होते. केंद्राने १९६७ मध्ये कटाचा खटला चालवला; मिसिसिपी राज्याने मात्र खुनाचा खटला उभा केला तो २००५ साली. राज्याचे अधिकार एकेचाळीस वर्षे झोपून होते. जानेवारी १९८१ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना रेगन यांनी सरकार हाच रोग असल्याचे सांगितले. त्यांनीच सही केलेल्या १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची कैद ठरवली, तीच पूड स्वरूपातल्या कोकेनला पाचशे ग्रॅमपासून लागू केली. क्रॅकसाठी शिक्षा भोगणाऱ्यांत बहुसंख्य काळे होते. शंभरास एक हे प्रमाण २०१० पर्यंत टिकले. गरिबाच्या ताटाजवळचे सरकार आखडले, तुरुंगाच्या दाराशी उभे असलेले सरकार फुगले.

आता आपल्याकडे वळू. मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने पुढल्या वर्षी चवदार तळे खुले केले. कागदावर सरकारने बंदी उठवली होती. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब पाणी प्याले, तेव्हा गावाने लोकांची डोकी फोडली. आणि त्या डिसेंबरात सवर्ण मंडळी न्यायालयात गेली ती कोणता दावा घेऊन? हे तळे सार्वजनिक नाही, खासगी मालकीचे आहे! या दाव्याचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला मार्च १९३७ उजाडले. अटलांटाचा मोटेलवाला आणि महाडचे फिर्यादी यांची भाषा एकच आहे, हा योगायोग नव्हे.

म्हणूनच १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिताना बाबासाहेबांनी या तत्त्वाच्या मुळावर बोट ठेवले. सरकारने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य मिळते हे खरे. पण ते मिळते जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि कारखानदाराला मजुरी कमी करण्याचे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. त्यांनी सरकारची भक्ती केली नाही. सरकार आणि मालक या दोघांच्याही सत्तेला घटनेत बांधावे, अशी त्यांची मागणी होती. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख करणारे घटनेचे पंधरावे कलम आणि अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम केवळ सरकारला उद्देशून नाहीत. ती नागरिकालाही बांधतात. मर्यादेची ही कल्पना गोल्डवॉटर यांच्यापेक्षा मोठी आहे.

१९९१ नंतर आपल्याकडे सरकारी कारखाने आणि खाती आकसत गेली. राखीव जागा सरकारी नोकरीत आहेत. खासगी मालकाला त्या बंधनकारक नाहीत. जो तरुण आज उद्योजक होऊ पाहतो, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. त्याच्यापुढे परवान्यांचे आणि लाचेचे डोंगर आहेत आणि ते हटलेच पाहिजेत. पण सरकार मागे सरकावे असे कोणी म्हणेल, तेव्हा त्याला त्याने दोन प्रश्न विचारावेत : कुठून मागे सरकावे? आणि ती मोकळी जागा कोण घेणार? पोलीस कोठडीतून सरकार मागे सरकणार असेल तर आपण त्या मोर्चात पुढे राहू. शाळेच्या, पाणवठ्याच्या आणि नोकरीच्या दारातून मागे सरकणार असेल, तर तिथे आधीपासून कोण उभे आहे हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?