नायक नसलेली लढाई

मॉरिशसला गेलात तर माहेबूर्गचं संग्रहालय पाहाच. १८१० साली त्याच घरात जखमी इंग्रज कप्तान विलोबी आणि फ्रेंचांचा दुपेरे, दोघांवरही उपचार झाले होते. जाण्याआधी मात्र पॅट्रिक ओब्रायनची 'द मॉरिशस कमांड' (१९७७) वाचा.

त्या ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या उथळ खाडीत इंग्रजांनी चार फ्रिगेटी गमावल्या. त्यांतल्या दोन रुतल्या म्हणून स्वतःच जाळल्या. ओब्रायनने खऱ्या कमोडोर रोलीच्या जागी आपला जॅक ऑब्री बसवला, पण इतिहास वाकवला नाही. रोली त्या लढाईत नव्हता, म्हणून जॅकही नाही! कादंबरीतल्या सर्वांत मोठ्या लढाईत नायकच गैरहजर. मला हे धाडस फार आवडलं. जॅकच्या वाट्याला येतं ते निस्तरणं.

खटकतं ते दुसरंच. १८०९ मध्ये रॉड्रिग्ज बेटावर उतरलेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेत मुंबई इलाख्याचे देशी शिपाई होते. कादंबरीत शिपाई येतात ते गर्दी म्हणून. क्लॉनफर्टसारख्या दिखाऊ, आतून पोखरलेल्या कप्तानाचं मन इतकं बारकाईनं उलगडणाऱ्या लेखकाला एखादा हवालदार दिसू नये? तरीही क्लॉनफर्टची प्रकरणं सावकाश वाचा.