सालीवरचा मासा

उत्तर ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँड नावाचा मुलूख आहे. तिथले आदिवासी पावसाळ्यात युकॅलिप्टसची साल सोलतात, विस्तवावर शेकून सपाट करतात आणि तिच्यावर प्राणी रंगवतात. रंग मोजकेच: तांबडी, पिवळी, पांढरी माती आणि कोळसा.

या मुलखाच्या पश्चिम भागातला बारामंडी मासा किंवा कांगारू पाहावा. अंगाच्या रेषेआत कणा, काळीज, आतडी सगळे दिसते. कुणी याला पोरखेळ म्हणेल; आम्ही म्हणणार नाही. जन्मभर मासे साफ करून शिजवलेल्या आपल्या घरच्या बायकांना विचारा. त्यांना मासा असाच आतून-बाहेरून ठाऊक असतो. हाताला जे ठाऊक, तेच हा चित्रकार काढतो. बारीक कुंचल्याने भरलेल्या जाळीदार रेघांनी चित्र झळाळते. छापील प्रतीत मात्र ती झळाळी उरत नाही.

आम्हांला खटकते ते पाहणाऱ्यांचे वागणे. कोणती आकृती कोणी रंगवायची, हे तिथे कुळाकुळाने ठरलेले असते. तरीही १९६६ साली ऑस्ट्रेलियाच्या एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांचे सालीवरचे चित्र त्यांना न विचारता वापरले गेले. विषय होता शिकारी पूर्वजाचा अंत्यविधी, आणि चित्रकार तर हयात होते! मागाहून त्यांना हजार डॉलर, पदक व मासेमारीचे सामान मिळाले.

म्हणून वाचकहो, असे चित्र भिंतीवर लावण्याआधी ते कुणाचे, एवढे तरी विचारावे.