‘संस्कार’ आणि शेजाऱ्यांची सभा

नाटकाला प्रेक्षकसमूह लागतो, कीर्तनाला श्रोते लागतात. कादंबरीला एकटा वाचक पुरतो. असे असूनही उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या वसाहतीतील वाचनमंडळ गच्चीवर सतरंज्या अंथरून एकाच कादंबरीवर चर्चा करावयास बसते. या चर्चेत त्या कलाकृतीचे काय होते, हा प्रश्न समीक्षेने हलका मानण्याजोगा नाही. यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) ही कन्नड कादंबरी चर्चेला घेतली, तर तो अधिकच तीव्र होतो. कारण ही कादंबरी मुळात शेजाऱ्यांच्या एका सभेचीच कथा आहे.

दुर्वासपूरच्या अग्रहारात नारणप्पा मरतो. त्याने ब्राह्मण्य टाकले होते, परंतु ब्राह्मणांनी त्याला बहिष्कृत केले नव्हते. मग त्याला अग्नी कोणी द्यावा? प्रेत पडून असेतो कोणाला जेवता येत नाही. सारे प्राणेशाचार्यांकडे जमतात. नारणप्पाची सहचरी चंद्री अंगावरचे दागिने उतरवून पुढे ठेवते आणि धर्मचर्चेत लोभ शिरतो. आचार्य ग्रंथ धुंडाळतात, मारुतीकडे कौल मागतात. उत्तर मिळत नाही. अखेर प्रेताला अग्नी मिळतो तो सभेच्या निर्णयाने नव्हे. चंद्री एका मुसलमान गृहस्थाच्या साहाय्याने रात्री ते कार्य उरकते.

वाचकांच्या बैठकीत पहिला वाद माजतो तो आचार्य दोषी की निर्दोष, यावर. पात्रांना हाडामांसाची माणसे समजण्याची ही रीत समीक्षकाला भाबडी वाटते. परंतु हा आक्षेप पुरता खरा नाही. नैतिक प्रश्न कादंबरीनेच उभा केला आहे. तो टाळून केवळ रचनेविषयी बोलणे ही पळवाट होय. चूक होते ती निकालाच्या आग्रहात. अग्रहाराने आचार्यांकडून निकाल मागितला, आचार्यांनी ग्रंथांकडून. आता वाचक तो कादंबरीकडून मागतात. ती मात्र आचार्य अग्रहारात परत पोचण्यापूर्वीच संपते.

दुसरी चूक अधिक प्रतिष्ठित आहे. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ साली भारताविषयीच्या आपल्या पुस्तकात या कादंबरीचा आधार घेऊन हिंदू मनाचे निदान केले. कादंबरीला समाजाचा दाखला म्हणून वाचले, की लेखकाने त्या समाजाशी मांडलेला वाद दिसेनासा होतो.

तथापि समूहवाचनाचा खरा लाभ याच कृतीत प्रत्ययास येतो. ए. के. रामानुजन यांनी १९७६ च्या इंग्रजी अनुवादात मूळ शीर्षक कायम ठेवून त्याखाली स्पष्टीकरणाचे उपशीर्षक जोडले. शब्द परका असल्याने इंग्रजी वाचक त्यापाशी थांबतो. मराठी वाचक थांबत नाही. ‘संस्कार’ म्हणजे घरचे वळण, हा अर्थ त्याच्या इतका अंगवळणी पडला आहे की अंत्यसंस्कार आणि मनावर उमटलेला ठसा हे अर्थ त्याला आठवून घ्यावे लागतात. बहुभाषिक वसाहतीत एखादा शेजारी ‘तुमच्याकडे याचा अर्थ काय?’ असे विचारतो, तेव्हा कुठे हा शब्द मराठी कानाला नव्याने ऐकू येतो.

तीच गोष्ट सुतकाची. पत्नीला अग्नी देऊन निघालेले आचार्य यात्रेच्या गावी देवळातल्या पंक्तीत जेवावयास बसतात. सुतक ज्याने पाळलेले नाही, त्या तरुणाला या प्रसंगातील भय उमगत नाही. बैठकीतल्या एखाद्या वृद्धेला ते स्पष्टीकरणावाचून कळते. ती सुतकाची रीत सांगते आणि तरुण विचारतो, ‘मग ते उठून का गेले नाहीत?’ या प्रश्नाला तिच्यापाशीही तयार उत्तर नसते. एकट्याच्या वाचनात ही दोन अज्ञाने एकमेकांना भेटत नाहीत.

तेव्हा अशा बैठकीने आचार्यांवरील मतदान बाजूला ठेवावे, पंक्तीचा तो प्रसंग मोठ्याने वाचावा आणि त्या तरुणाच्या प्रश्नापाशी थोडा वेळ थांबावे. अग्रहाराच्या सभेला जे साधले नाही, ते तिला कदाचित तेथे साधेल.