रोजे डॉक्टरांचं कपाट

इंग्रजी पत्र लिहायचं म्हटलं की माझा हात आपोआप एका जाड पुस्तकाकडे जातो. पीटर मार्क रोजे हे पेशानं डॉक्टर. १८०५ साली त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची यादी केली आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ती वाढवून 'थिसॉरस' छापला. शब्द अकारविल्हे नव्हेत, अर्थाप्रमाणे लावलेले. एकंदर एक हजार खाती. खतावणीत जन्म काढलेल्या माणसाला पुस्तक न आवडून सांगतो कुणाला?

तक्रार एकच. डॉक्टरांनी बाटल्या ओळीनं मांडल्या, पण कुठली पोटात घ्यायची आणि कुठली वरून चोळायची, हे लिहिलं नाही. ते रोग्याला ठाऊक आहे असं धरून चालले. मला ठाऊक नव्हतं.

एका निवृत्त मास्तरांचं पेन्शन माझ्या हातून भलत्याच खात्यात जमा झालं. मास्तर महिनाभर वाण्याकडे उधारीवर जगले. साहेब म्हणाले, "पत्र लिहा." मी 'अपॉलजाइज' लिहिलं. साहेबांनी लाल शाईनं खोडून 'रिग्रेट' केलं.

"साहेब, दोन्ही एकाच ओळीत आहेत हो!"

"असतील. 'अपॉलजाइज' म्हटलं की चूक आपली. 'रिग्रेट'मध्ये नुसतं वाईट वाटतं. ते काय, पाऊस लांबला तरी वाटतं."

चौथ्या दिवशी मास्तर पत्र घेऊन काउंटरवर हजर. हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली.

"वाईट आम्हालाही वाटलं," ते म्हणाले. "पण चूक कुणाची?"

मी घाईघाईनं 'सॉरी' म्हणालो.

"हा त्यातल्या त्यात बरा. 'सोअर'च्या घरातला, म्हणजे मूळचा दुखरा. 'सॉरो'चा मात्र कुणी नव्हे, तोंडावळा तेवढा सारखा."

"मी आधी 'अपॉलजी'च लिहिली होती, मास्तर!"

"तीही मूळची माफी नव्हेच. ग्रीकांकडे ती कैफियत. सॉक्रेटिसानं कोर्टात केली ती 'अपॉलजी', आणि माफी काही मागितली नाही."

म्हणजे इतकी वर्षं मी या कपाटातून चव न बघता डोस काढत होतो. ज्याला फरक कळतो त्याला विसरलेला शब्द आठवून द्यायला पुस्तक अव्वल. माझ्यासारख्यानं हातात कोश असल्याशिवाय उघडू नये.

शेवटी मी इंग्रजी सोडलं आणि म्हणालो, "चुकलं, मास्तर."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चुकलं, की चुकलो?"

मागे साहेब उभे होते. मी आवंढा गिळला.

"चुकलो."